कारा दोरा

उत्पला चौथं संपवून पाचव्यात गेली,
त्या चैतात मी तिला एकटीला दुकानात धाडलं.
मशीनवर बसून सगळं दिसतं इथून.
दारापासून दुधरामच्या दुकानापर्यंत सरळ गल्ली,
मध्ये बोरिंग, मध्ये एक बांधलेली बकरी,
आणि यादोरावच्या आंगणात वाळत घातलेली मोहफुलं.
माझी साठ पावलं.
तिची किती, ते मोजायला मशीन थांबवावी लागली असती,
आणि लगनसराईत लोकांचे ब्लाऊज थांबत नाहीत.

"कारा दोरा आन. अन् दोन बटनं."
"हो मा."

पहिल्या दिवशी ती कोंबडीचं पीस घेऊन आली.
इतक्या आनंदात
की वाटलं, मीच पीस मागितलं असेन.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर कुणी पाणी हापसत होतं.
दांडा वर, हिची मान वर.
दांडा खाली, मान खाली.
मग एकाएकी आभाळाकडे बघत राहिली
आणि तिथूनच, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं,
"मा, मी का आनाले आली होती?"

यादोरावची सून पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी तिच्या मुठीत
काळ्या दोऱ्याचा तुकडा दिला. नमुना.
दुकानात जाऊन तिनं मूठ उघडली,
दुधरामला दोरा दाखवला, त्याचा पाहिला,
आणि आपला तेवढा घेऊन परत आली.
"त्याच्यापाशी बी हाये मा. आपल्यासारखाच."

अंगणवाडीच्या सुलोचनाबाई म्हणाल्या,
तिला बोलत बोलत जाऊ दे.

मग ती बोलत निघाली.
कारा दोरा दोन बटनं, कारा दोरा दोन बटनं,
चपलेच्या फटफटीवर.
बोरिंगपर्यंत त्याचं कादोरा दोबट व्हायचं,
मोहफुलांपाशी नुसतं कादो, कादो.
दुधरामला चालायचं.
झिजलेलं नाणं दुकानदार बोटानंच ओळखतो.

पण बकरी ओरडली, की सांडायचं सगळं.
तेव्हा ती उलट पावली दारापर्यंत यायची,
माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही,
उंबऱ्याला हात लावायची,
मी जिथं म्हटलं होतं तिथून
पुन्हा उचलून न्यायची.

पऱ्हे लागले, धान कापून झालं,
बकरीला दोन पिल्लं झाली.
कधीतरी तिचा आवाज गेला, ओठ तेवढे हलायचे.
लांबून वाटावं, पोरगी काहीतरी चघळते आहे.

आणि एक दिवस ओठही हलेनात.
सुईखाली कापड तसंच धरून मी पाहत राहिले.
बकरीपाशी आली,
एका पिल्लाच्या कानावरून हात फिरला,
पाय थांबले नाहीत.
म्हटलं, गेलं. आता पीस येणार.

आला तो दोरा.
दोन बटनं, आणि उरलेले दोन रुपये.
"म्हनत नोहोती त आज?"
"म्हनत होती मा."
"कोठी?"
तिनं फ्रॉकच्या दुसऱ्या बटनावर बोट ठेवलं.
"अंदर."

तिथं माझं कान लावणं पोचत नाही.
चांगलंच झालं म्हणायचं. चांगलंच आहे.

आज दुपारी मी काहीच सांगितलं नव्हतं.
तरी ती निघाली, त्याच चालीनं,
बोरिंग मागे पडलं, बकरी मागे पडली,
दुधरामचं दुकानही मागे पडलं,
आणि ती बोडीच्या पारीकडे वळली.
"कोठी चालली वो?"
तिनं मागे न बघता नुसता हात हलवला,
बोलू नको, सांडेल.

मी उठले. दारापर्यंत आले.
हातात कात्री होती.
कात्री कशाला घेतली,
काय कापायला उठले होते,
आठवेना.
इकडे तिकडे पाहिलं, कुणी नव्हतं,
वाकून
उंबऱ्याला हात लावून पाहिला.